ड्राइव्ह मेला नव्हता, श्रीपत

कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह चालू आहे, श्रीपत. तू स्क्रू काढून त्याची आतडी माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसायचास तेव्हाही तो चालूच होता. पुरात भिजला नव्हता, त्याची लेन्स गेली नव्हती, आतला पट्टा सैल झाला नव्हता. मी तो बंद करून ठेवला होता. माउसच्या उजव्या बाजूला एक टिचकी, मग एका शब्दावर दुसरी. एवढंच.

हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. मला सांगायचंच नव्हतं. तू मेलास म्हणून सांगतोय. मेलेल्या माणसाला खरं सांगायला धैर्य लागत नाही, आणि धैर्य लागेल असं एकही काम मला जमत नाही, हे तू गावभर सांगून ठेवलेलंच आहेस.

पोलादपूरच्या स्टँडवर तुझा बॅनर लागलाय. खाली रिक्षावाल्यांची नावं दाटीवाटीनं बसवली आहेत, तुझ्यापेक्षा त्यांचेच फोटो मोठे. तुझा फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे. डोक्याला फेटा, गालात जिलबी. वर लिहिलंय, ‘कबड्डीतील ढाण्या वाघ’. जिवंत असताना यातल्या कुणी तुला वाघ म्हटलेलं मला आठवत नाही. ‘ती फायनल घालवणारा शिरप्या’ अशीच तुझी ओळख. नवीन सून गावात आली की तिलाही आठवड्याभरात कळायचं. आणि तुझी ती ओळख मी तयार केली होती.

यंदा शिमग्याला तू माझ्या महाडच्या घरी आलास तो रुमालात काहीतरी गुंडाळून. चप्पल काढायच्या आधीच ओरडलास, “मास्तर, तुझ्या डबड्याला तोंड हाय ना रे?”

“कसलं तोंड?”

“सीडी घालायचं. गावात सगळीकडं फिरलो. पोरांच्या लॅपटॉपला तोंडच नाय. खातात कसे कुणास ठाऊक.”

मुंबईला स्थायिक झालेल्या आपल्या गावच्या एका घरात, म्हातारा गेल्यावर सुनेनं कपाट रिकामं केलं. त्यात ही सीडी निघाली. म्हाताऱ्यानं त्या काळी कॅमेरा आणून पोलादपूरच्या मैदानावर फायनल टिपली होती, पुढं कधीतरी कॅसेटची सीडी करून घेतली होती. सून शिमग्याला पालखीसाठी गावी आली आणि तुझ्या हातात ती ठेवून गेली. रुमाल उलगडताना तुझी बोटं थरथरत होती. मी तुझी चेष्टा केली, म्हटलं, “हात कापतोय, आता तुझं लायसन काढून घ्यायला हवं.”

तू हसला नाहीस. म्हणालास, “यात माझा हात हाय, मास्तर. रेषेवरचा.”

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून लिहितो. फायनलची शेवटची चढाई तुझी होती. आपला संघ एका गुणानं मागं. समोरच्या तिघांनी तुला कमरेत, पायात धरून पाडला. तू दम न सोडता पोटावर सरपटत मध्यरेषेकडं हात ताणलास. हात रेषेला लागला असता तर धरणारे तिघं बाद आणि आपण जिंकलो असतो. रेषेवर पंच म्हणून मी उभा होतो. मी शिटी मारली आणि तुला बाद दिलं. त्या दिवशी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे साहेब त्यांच्या संघासाठी गडी निवडायला आले होते. जिंकलेल्या संघाच्या चढाईवाल्याला त्यांनी नेलं. तो पुढं सुपरवायझर होऊन रिटायर झाला. तू सहा आसनी रिक्षा घेतलीस आणि आयुष्यभर त्याच कंपनीच्या गेटावर पाळीची माणसं सोडत राहिलास. गेटाच्या आत तू कधी गेला नाहीस. एकदा पावसात आडोशाला गेलास तर वॉचमननं तुला हाकललं होतं. ते तूच मला हसत सांगितलंस.

तुझं म्हणणं शेवटपर्यंत एकच: हात लागला होता. माझं एकच: धुळीत मला दिसला नाही. यावर आपण किती वेळा भांडलो असू! सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून भांडलो, माझ्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात भांडलो. माझी बायको गेली त्या दिवशीही, तिला पोचवून परत येताना, तू मला म्हणालास, “सुटली बिचारी. तुझ्यासारख्या पंचाबरोबर जन्म काढायचा म्हणजे रोजच बाद.” लोक तुझ्या अंगावर धावले. मला हसू आलं होतं. त्या आठवड्यात आलेलं तेवढं एकच हसू.

तर सीडी. आदल्याच दिवशी कॉम्प्युटरवर मोठं अपडेट झालं होतं. दुपारभर निळा पडदा आणि ‘बंद करू नका’ अशी सूचना. आपण सीडी घातली. ताट आत गेलं, हिरवा दिवा लुकलुकला, आत काहीतरी फिरल्याचा आवाज आला, आणि पडद्यावर काहीच नाही. दोन्ही हार्ड डिस्क दिसत होत्या, सीडीचं चित्र मात्र गायब. जणू त्या यंत्राला तोंड नव्हतंच.

महाडात यंत्र बंद पडलं की निदान एकच. पंखा घुटमळला, पाणी. मिक्सर जळला, पाणी. पूर येऊन गेल्याला वर्षं झाली तरी भिंतीवरची रेघ जात नाही आणि हा आजारही. बाहेरच्या माणसानं आधी विचारलं असतं, काल काय बदललं? आपण दोघांनी भिंतीवरच्या त्या रेघेकडं बघितलं. तूच पहिल्यांदा म्हणालास, “पाणी शिरलं असंल काय रे?”

आणि मी म्हणालो, “शिरणारच. माळ्यावर टाकलास तो ओल्या हातांनी.”

पुराच्या त्या सकाळी पाणी चढतंय असं कळल्याबरोबर तू पोलादपूरहून रिक्षा दामटत आला होतास. गुडघाभर पाण्यातून माझा कॉम्प्युटर, माझी पुस्तकं, बायकोचा फोटो माळ्यावर चढवलास. मी जिन्यात उभा राहून, काय आधी न्यायचं ते सांगत होतो. त्या कामाचे मी तुला हे पांग फेडले. आणि तू ते खरं मानलंस. चेहरा पडला तुझा. म्हणालास, “मग मीच नीट करून देतो.”

दुसऱ्या दिवसापासून तुझे उपचार सुरू झाले. तू सीपीयू गच्चीवर उन्हात ठेवलास, शेजारणीच्या पापडांच्या रांगेत. मग तांदळाच्या पिंपात ठेवायचा म्हणून हट्ट धरलास. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात, हे तू कुठंतरी ऐकलं होतंस. मी म्हटलं, “एवढा तांदूळ माझ्या घरात असता तर मी तुला जेवायला नसतं का थांबवलं?” तू म्हणालास, “असता तरी थांबवलं नसतंस.” सीडी मात्र तू माझ्याकडंच ठेवून गेलास. रिक्षात वाकेल म्हणून.

त्याच आठवड्यात मीनलचा पुण्याहून फोन आला. मी सहज सांगितलं, तर लेक हसायला लागली. “बाबा, पुराचं पाणी एवढी वर्षं दबा धरून बसत नाही. अपडेटनंतर असं होतं. ड्राइव्ह चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, तो बिघडतो.” तिनं पुण्यात बसून माझ्या कॉम्प्युटरचा पडदा उघडला. मला डिव्हाइस मॅनेजर नावाची खिडकी दाखवली. त्यात ड्राइव्हच्या नावापुढं पिवळं उद्गारचिन्ह होतं. तिनं त्याला यादीतून काढून टाकलं आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. चालू झाल्यावर कॉम्प्युटरनं ड्राइव्ह स्वतःच शोधला आणि चित्र जागेवर आलं. माझा चहा गार व्हायच्या आत काम झालं. फोन ठेवताना ती म्हणाली, “त्या यादीत ‘डिसेबल’ म्हणून शब्द आहे, त्यावर चुकून टिचकी मारू नका हां. ड्राइव्ह चांगला असून दिसायचा नाही.”

मी सीडी लावली. भर दुपार होती, खिडकीतून ऊन पडद्यावर येत होतं, म्हणून खिडकी लावून घेतली.

हात लागला होता, श्रीपत. नुसता लागला नव्हता, अख्खा पंजा रेषेपलीकडं होता. बोटं मातीत रुतलेली दिसतात. ते मला नवीन नव्हतं. मला नवीन होता तो मी. त्या म्हाताऱ्यानं कॅमेरा असा धरला होता की तुझा हात आणि माझं तोंड एकाच चौकटीत आलंय. मी खाली बघतोय. सरळ तुझ्या हाताकडं. धूळ नाही. मग मी वर बघतो. मग पुन्हा खाली. मग शिटी तोंडाला लावतो.

धुळीची गोष्ट मी इतकी वर्षं सांगितली की मलाही धूळ दिसायला लागली होती. पडद्यावर नव्हती.

का केलं, तेही सांगतो, कारण तुला ते कधीच सुचलं नसेल. त्या मोसमाच्या सुरुवातीला तू कप्तान झालास आणि मला संघातून काढलंस. देवळासमोर सगळे बसले होते. मी विचारलं, माझं काय? तू म्हणालास, “मास्तर, तू शिटी फुंक. गड्याचं काम नाय तुझं.” सगळे हसले. त्यात ती मुलगीही होती जी पुढं माझी बायको झाली. तू ते वाक्य घरी पोचायच्या आत विसरला असशील. मी विसरलो नाही. तू सांगितलंस तसं मी केलं. शिटी फुंकली.

सीडी संपल्यावर मी मीनलनं दाखवलेली यादी उघडली आणि तिनं नको म्हटलेल्या शब्दावर टिचकी मारली. चित्र गेलं. मला झोपही चांगली लागली.

त्यानंतरचे तुझे दौरे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आंब्याच्या दिवसांत, दुपारची धंद्याची वेळ सोडून, तू स्क्रू ड्रायव्हरची पिशवी घेऊन यायचास. ताट अडकलं की सिमकार्डची पिन त्या बारीक भोकात घालून बाहेर काढायचास. लेन्स कापसानं पुसलीस. महाडच्या बाजारातून नवी केबल आणलीस. मी आरामखुर्चीत बसून सूचना द्यायचो, जिन्यात उभा राहून दिल्या होत्या तशाच.

“मास्तर, दिवा लागतोय. ताट आतबाहेर करतंय. मेलेला माणूस तोंड उघडतो काय?”

“पाण्यानं मेंदू जातो त्याचा.”

“मंग तुझा कवा गेला? तू तर जिन्यात कोरडा होतास.”

असं बोलून तू माझ्याकडं बघत राहायचास. जरा जास्तच वेळ. मला वाटायचं, म्हातारपण, नजर थांबते. एकदा तू अख्खा ड्राइव्ह सुटा केलास, पुन्हा जोडलास, आणि घाम पुसत म्हणालास, “माझ्याच हातानं बिघडला ना? मंग माझ्याच हातानं मेला असं समज. तू वाईट वाटून घेऊ नको.” मी म्हणालो, “नाही वाटून घेत.” तू हसलास. खूप वेळ हसलास, ठसका लागेपर्यंत. मी पाणी दिलं.

तोच तुझा शेवटचा दौरा. त्यानंतर स्टँडवर, रिक्षाच्या रांगेत, नंबर यायच्या आधी तू गेलास. तुझ्या मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला म्हणे, रांग पुढं सरकत नव्हती म्हणून.

मीनल तुझ्या मातीला आली होती. परत जाताना गाडीत ती रडत म्हणाली, “काका किती गोड होते. शिमग्यानंतर त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, बाय, तुझ्या बापाचा ड्राइव्ह माझ्या हातानं मेला गो, नवा केवढ्याला पडतो? मी म्हटलं, काका, तो मी कधीच नीट करून दिलाय, मस्त चालतोय. तर दोनदा विचारलं, नक्की चालतोय? मग म्हणाले, बापाला बोलू नको हां, मी गंमत करणार हाय त्याची.”

म्हणजे तो कापूस, ती पिन, ती नवी केबल, सगळी तुझी गंमत. तुला माहीत होतं की ड्राइव्ह धडधाकट आहे. तुला माहीत होतं की मी सीडी बघितली आहे. तू रोज येऊन मेल्याचं सोंग करणाऱ्या यंत्राला चिरायचास आणि माझं तोंड बघायचास. मी तुला राबवतोय असं मला वाटत होतं. टेबलावर उघडा पडलेला मी होतो.

बरं केलंस. पण थोडं अजून जगायला हवं होतंस. मी बोललो असतो की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक नसतो.

दहाव्याला सावित्रीच्या काठी पिंड ठेवला तेव्हा मी सगळ्यात मागं उभा होतो. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. सगळे तुझ्या पोराबाळांची, घराची वचनं देत बसतील, आणि शेवटी मला पुढं होऊन सांगावं लागेल की याची इच्छा कशात अडकली आहे. मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. आणि पान ठेवून लोक मागं सरले न सरले, तोच कावळा आला. एक नाही, तीन. भांडून खाल्लं त्यांनी. “काय नाय राहिलं शिरप्याचं,” लोक म्हणाले, “समाधानानं गेला.” माझं वाक्य माझ्या तोंडात राहिलं.

म्हणून तेराव्याला मी सीपीयू आणि मॉनिटर रिक्षात घालून तुझ्या अंगणात आणला. ड्राइव्ह पुन्हा चालू करून ठेवला होता. जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि सीडी लावली. पोरं तुझ्यामाझ्या तेव्हाच्या मिशा बघून हसली. शेवटची चढाई आली तसे म्हातारे पुढं सरकले. तुझा पंजा दिसला. कुणीतरी म्हणालं, “आयला, लागलाय की!”

मी उभा राहिलो. म्हटलं, “लागला होता. मी बघितला होता. मी मुद्दाम बाद दिलं.”

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. एक जण उठला तो चहाची किटली घेऊन.

“जाऊ द्या मास्तर. ज्या त्या वेळची गोष्ट.”

“नजर चुकली असंल.”

“चुकली नाही,” मी म्हणालो, “पुन्हा लावून दाखवू?”

“नको, नको. माणूस हाय, चुकतो. एवढ्या वर्षांनी भर सभेत कबूल केलंत, याला मोठेपणा लागतो.”

आणि माना हलल्या, श्रीपत. तुझ्या जन्माचं जे झालं, ते गावानं अर्ध्या कपात विरघळवून पिऊन टाकलं. तुझ्या तेराव्याला माझ्या गळ्यात हार पडायचा तेवढा बाकी राहिला. एका पोरानं विचारलं, “आजोबा, हा लुकडा कोण?” तो तुझ्याकडंच बोट दाखवत होता.

वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ गेलो. त्यांनी चहा विचारला नाही. मला बरं वाटलं.

“त्यास्नी ठाऊक होतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडनं आले की जेवताना हसायचे. म्हणायचे, मास्तर आज पण नाय बोलला. तळू दे अजून चार दिवस.”

“आणि बोललो असतो तर?”

“तर म्हणे एक शिवी हासडायची. तयार करून ठेवलेली. लय वर्षांची.”

“कसली शिवी, वहिनी?”

“मी इचारली. नाय सांगितली मला.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “म्हणाले, ती मास्तरची हाय.”

मी घरी आलो. ड्राइव्ह जागेवर आहे, चित्र दिसतं, सीडी आतच आहे. रस्त्यात भेटेल तो नमस्कार करतो, मागच्यापेक्षा जरा जास्त वाकून. मी शिक्षक माणूस, मला शिव्या फारशा येत नाहीत. येतात तेवढ्या सगळ्या स्वतःला देऊन बघितल्या, कोरड्या घरात, मोठ्यानं. एकही लागली नाही. तुझा नेम चांगला होता.